भरली की परत द्या

जगातल्या यच्चयावत वस्तूंचा शेवट कुठं व्हावा हे त्या वस्तू जन्माला येण्याआधीच ज्यांना ठाऊक असतं, असे एकच गृहस्थ मी आजवर पाहिले, आणि ते माझे थोरले साडू आहेत. साडू हे नातं मुळातच गमतीचं. दोन अनोळखी पुरुष एकाच सासऱ्याला पसंत पडतात आणि मग जन्मभर पंगतीत शेजारी बसून एकमेकांच्या पानात काय वाढलं जातंय ते बघत राहतात. माझे साडू मात्र माझ्या पानात कधी बघत नाहीत. पान उचलल्यावर ते कुठं जातं, तिकडं त्यांचं लक्ष. उपनगरातल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली, आणि तीही तिथल्या कचऱ्यावर देखरेख करण्याची. माणसं बरी होऊन पुढच्या दारानं घरी जातात; मागच्या दारानं जे बाहेर पडतं, म्हणजे रक्ताळलेला कापूस, सलाईनच्या नळ्या, सुया, फुटक्या बाटल्या आणि डॉक्टरांनी माणसातून कापून काढलेलं जे काही असेल ते, त्या सगळ्याचे पालक म्हणजे आमचे साडू. चार रंगांत त्यांनी या सृष्टीची वाटणी केलेली आहे. रक्तामांसाचं ते पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, टोचणारं-कापणारं पांढऱ्या जाड डब्यात आणि काच निळ्यात. पाचवा रंग इंद्रधनुष्यात असतो एवढं ते मान्य करतात, पण त्याचा तिथं काय उपयोग हे त्यांना कळत नाही.

आजाऱ्याला भेटायला जावं तर थोरल्या साडूंबरोबर, असं आमच्या सासरी सगळे म्हणतात, कारण करमणूक फुकट होते. एका चुलत मेहुण्याचं हर्नियाचं ऑपरेशन घाटकोपरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये झालं, तेव्हा आम्ही दोघे मोसंबी घेऊन गेलो. मी रीतीप्रमाणे "कसं वाटतंय आता?" वगैरे विचारत होतो, तोवर साडू खाटेखाली वाकलेले. मेहुण्याला वाटलं, यांची चप्पल आत गेली. साडू वर आले ते चेहरा पाडून. "सिस्टर," त्यांनी हाक मारली, "हा कापूस निळ्या डब्यात काय करतोय?" आवाज इतका सरकारी होता की त्या मुलीला ते तपासणीला आलेले साहेबच वाटले. ती धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी साडूंना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आमच्या मेहुण्याला त्याच दुपारी खिडकीजवळची खोली मिळाली. साडूंना याचा पत्ताच नव्हता. ते चहा फुंकत त्या सिस्टरला समजावत बसले होते, "हे बघ बाळा, डॉक्टरनं चूक केली तर पेशंट बोंबलतो. तू चूक केलीस तर बोंबलणारा माणूस तुला कधी दिसणारच नाही." या गडबडीत मोसंबी द्यायची राहून गेली, ती आम्ही रिक्षात सोलून खाल्ली, आणि सालं नाहूरला घरी पोचेपर्यंत साडूंच्या खिशात होती.

त्यांच्या घरात "फेकून दे" म्हणायला बंदी आहे. वस्तू मार्गी लावायची असते. एकदा त्यांच्यादेखत मी बायकोला म्हणालो, "ही खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली तिकडं टाकून दे गं." झालं. साडूंनी पेपर खाली ठेवला. "तिकडं म्हणजे कुठं रे?" मी म्हटलं, "तिकडं म्हणजे... कचऱ्यात." "आणि कचऱ्यातून?" "गाडीत." "आणि गाडीतून?" असं करत करत त्यांनी मला त्या बाटलीबरोबर डंपिंग ग्राउंडपर्यंत नेलं, तिथं ती उचलणारी बाई दाखवली, तिचं खोकणारं पोर दाखवलं, आणि मग म्हणाले, "तिकडं म्हणून रिकामी जागाच नसते रे मुंबईत. तिकडं पण कुणीतरी राहतंच." कांदिवलीला एका भाचीच्या लग्नात हे विहिणींच्या पंक्तीतून नाहीसे झाले. शोधायला गेलो तर हॉलच्या मागल्या बाजूला, अंगात सफारी, कपाळाला अक्षता, केटररच्या माणसांना ओलं-सुकं वेगळं करायला शिकवत उभे. त्या माणसांनी बिचाऱ्यांनी त्यांना आपल्यातलाच समजून जेवायला वाढलं होतं.

पण त्यांच्यावर कडी त्यांचीच. त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. भुलीतून बाहेर येताना माणूस आईला हाक मारतो, देवाचं नाव घेतो. माझी मेहुणी उशाशी हात धरून बसली होती, तिला वाटलं आता आपलं नाव येणार. साडूंनी अर्धे डोळे उघडले, ओठ हलवले, आणि वॉर्डबॉयकडं बघत विचारलं, "पिवळ्यातच टाकलं ना रे?" मेहुणीनं त्यानंतर तीन दिवस अबोला धरला होता.

आम्ही दोघे साडू नाहूरला एकाच बिल्डिंगीत राहायचो, ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. माझ्या बायकोला बहीण जवळ हवी होती म्हणून मी तिथं घर घेतलं. त्या बिल्डिंगीत सुमन नावाची बाई रोज सकाळी दारोदार फिरून कचरा न्यायची. ओल्याची बादली, सुक्याची पिशवी. खाली गेल्यावर ड्रममध्ये सगळं मावावं म्हणून सुका कचरा ती तळव्यानं दाबून बसवायची, आणि साडूंचा सगळा जीव त्या दाबण्यावर टांगलेला असायचा. इस्पितळात त्यांच्या हाताखालच्या माणसांना सुया टोचल्याचं त्यांनी पाहिलं होतं. सुमनला त्यांनी जाड हातमोजे आणून दिले. "काका, आत हात शिजतात हो," म्हणून ती ते कमरेला खोचून ठेवायची. मग साडूंनी सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय मांडला, की हल्ली घरोघरी इन्सुलिन घेतात, त्याच्या सुया लोक कचऱ्यात टाकतात, तर गेटपाशी सुयांसाठी एक पांढरा डबा ठेवावा. चेअरमन दचकले. "काका, आपल्याकडं रिडेव्हलपमेंटचा बिल्डर येणारे. गेटवर सुयांचा डबा बघून त्याला काय वाटेल? बिल्डिंग आजारी आहे?" साडू म्हणाले, "बरं, कोण कोण इन्सुलिन घेतं, नुसते हात वर करा." चाळीस घरांतून एक हात वर झाला नाही. साडूंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "वा! झकास! आंब्याची अर्धी अर्धी पेटी संपवणारी चाळीस घरं, आणि एकालाही शुगर नाही." लोक हसले. मीही हसलो. मला तेव्हा इन्सुलिन सुरू होऊन वर्ष होत आलं होतं.

का लपवलं म्हणाल तर, आमच्या घराण्यात आजार झाकायचा असतो, एवढंच. शिवाय थोरल्या साडूंना कळलं असतं तर त्यांनी माझ्या प्रत्येक सुईचा जन्म-मृत्यू नोंदवून ठेवला असता. बायकोला तेवढी शपथ घातली होती.

साडू सभेत हरले, पण गप्प बसतील तर ते साडू कसले. संक्रांत तोंडावर आली होती. मेहुणीला हळदीकुंकवाला वाण म्हणून चहाची गाळणी लुटायची होती. साडूंनी चार दिवस तिच्या मागं भुणभुण लावली आणि घाऊक बाजारातून जाड पांढऱ्या प्लास्टिकच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या पन्नास बरण्या आणल्या. प्रत्येकीत चिठ्ठी, स्वतःच्या वळणदार अक्षरात: "इंजेक्शनच्या सुया यात टाकाव्यात. भरली की दुसऱ्या मजल्यावर परत द्यावी." कुणाला हात वर करायला नको, कुणाला नाव सांगायला नको, बरणी सगळ्यांकडंच असणार. बेत नामी होता. पण हळदीकुंकवाच्या दुपारी मेहुणीनं चिठ्ठ्या वाचल्या आणि तिचा जीव खाली-वर झाला. सवाष्णीच्या ओटीत सुयांची चिठ्ठी? वर्षाच्या पहिल्या सणाला? तिनं एकेक चिठ्ठी गुपचूप काढून घेतली आणि बरणी हातात देताना ती आपली गोड आवाजात म्हणत राहिली, "भरली की परत द्या हं."

आता वाण परत मागतात हे आमच्या बिल्डिंगीतल्या बायकांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पण मोठ्या ताई म्हणतायत तर असेल काहीतरी त्यांच्याकडची पद्धत, असं त्या समजल्या, आणि भांडं रिकामं परत द्यायचं नसतं एवढं तर प्रत्येकीला आईनं शिकवलेलं होतंच. पंधरा दिवसांत बरण्या दुसऱ्या मजल्यावर परत येऊ लागल्या. साडूंनी पहिली बरणी दोन्ही हातांनी घेतली, जपून टेबलावर ठेवली, हातमोजे चढवले आणि झाकण उघडलं. आत तिळाच्या वड्या. दुसरीत मेतकूट. मग चकल्या, कुळथाचं पीठ, लिंबाचं लोणचं, एका गुजराती शेजारणीचा मेथीचा खाखरा तुकडे करून भरलेला. साडू मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. फार झालं की त्यांच्या तोंडी मालवणी येते. सोफ्यावर बसून ते म्हणाले, "ह्या लोकांचा काय करूचा ता माका कळाक नाय." मग चिठ्ठ्यांचा उलगडा झाला, आणि मेहुणीनं रडवेली होऊन सांगितलं की धाकटीला तेवढं मी खरं काय ते सांगितलं होतं. धाकटी म्हणजे माझी बायको. म्हणजे सबंध बिल्डिंगीत ती बरणी कशासाठी आहे हे ठाऊक असलेलं एकच घर होतं, आणि ते आमचं. आमची बरणी मी स्वतः नेऊन दिली होती. बेसनाचे लाडू भरून. साडूंनी तिचं झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "लाडू छान दिसतायत." मला वाटलं, सुटलो.

माझ्या सुया तेव्हा मी मोठ्या अक्कलहुशारीनं घालवत असे. एकदा ऑफिसातल्या एकाला नातू झाला म्हणून पेढे आले, ते शुगर असतानाही मी चोरून खाल्ले, आणि रिकाम्या खोक्यात आठवड्याच्या सुया भरून, वर दोरा गुंडाळून, ते बायकोकरवी सुक्या कचऱ्यात दिलं. पेढ्यांच्या खोक्यात कोण बघतंय! बघितलं कुणी नाहीच. सुमननं ते ड्रममध्ये तळव्यानं दाबलं. पुठ्ठ्यातून सुई अंगठ्याच्या बुडाशी आत गेली.

खालून तिची हाक ऐकून साडू बनियनवर धावत गेले. गेटच्या नळाखाली तिचा हात धरून उभे राहिले, "दाबू नको गं, चोळू नको, नुसतं पाणी वाहू दे," असं म्हणत साबण लावत होते. मग तसेच तिला रिक्षात घालून इस्पितळात. तिथं तिचं रक्त घेतलं आणि खबरदारीच्या गोळ्या सुरू केल्या. ती सुई आधी ज्यानं टोचून घेतली होती त्याच्या रक्तात काही वाईट असेल तर ते तिच्यात येऊ नये म्हणून. गोळ्या महिनाभर घ्यायच्या, ओकाऱ्या होतात त्यांनी, आणि पुढं कित्येक महिने पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं. पदरात दोन मुली. संध्याकाळी साडू मजल्यामजल्यावर फिरले. प्रत्येक दाराशी तेच बोलले, आवाज न चढवता, "सुई कुणाचीही असो, नाव विचारत नाही. त्यानं फक्त एकदा रक्त तपासायला द्यावं. ते चांगलं निघालं की तिच्या गोळ्या बंद होतील." आमच्या दाराशीही आले. मी म्हणालो, "कोण असेल हो, दादा?" आणि दार लावलं. माझ्या आयुष्यात मी केलेल्या हलकट गोष्टींची यादी फार मोठी नाही, पण ही तिच्यात सगळ्यात वर आहे.

सकाळ होताच एक मजला खाली उतरलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. साडूंनी बेल वाजायच्या आत दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, तयार. माझं तोंड उघडायच्या आत म्हणाले, "चहा घे आधी. ह्या तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही." मला एकदम रडू फुटलं. मेहुणीनं चहात साखर घातली नव्हती, त्यावरून मी काय ते समजलो. इस्पितळात ते मला सरळ रक्त घेतात तिथं घेऊन गेले. माझ्या हातात सुई गेली तेव्हा ते माझ्याकडं नाही, त्या सुईकडं बघत होते. रक्त घेणाऱ्या मुलानं ती काढून सरळ पांढऱ्या डब्यात टाकली तसे म्हणाले, "शाब्बास रे," आणि तेवढ्यापुरती मला जरा असूयाच वाटली. माझं रक्त साखर सोडली तर निर्मळ निघालं. डॉक्टरांनी सुमनच्या गोळ्या थांबवल्या. साडूंनी माझ्यादेखत तिला मोघम सांगितलं, की माणूस सापडला, भला आहे, काळजी नको. बिल्डिंगीलाही त्यांनी नाव सांगितलं नाही.

त्या पुढच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या दाराबाहेर अकरा बरण्या येऊन ठेवलेल्या होत्या. कुणी ठेवल्या, कळलं नाही. सगळ्या खुळखुळत होत्या. त्यातली एक, झाकणावर सोसायटीच्या गेटचा निळा रंग सांडलेली, चेअरमनसाहेबांचीच असावी असा माझा कयास आहे, पण साडूंनी त्यावर काही बोलायला नकार दिला. दर महिन्याला ते दोन कापडी पिशव्यांत बरण्या घेऊन आपल्या जुन्या इस्पितळात जात आणि तिथल्या लोकांना एकेक सोपवून येत. मीही आता माझी बरणी उघड नेऊन द्यायला लागलो, तशी माझी शुगर जगजाहीर झाली. सुमन रोज सकाळी कचरा घेताना विचारायची, "साहेब, साखर बरी ना?" मी "बरी, बरी," म्हणून आत वळायचो. जगजाहीर गोष्ट ती, तिनं विचारलं तर नवल ते काय!

मग बिल्डर खरंच आला. बिल्डिंग पाडली. आम्ही भाड्यानं मुलुंडला गेलो आणि साडू पार दहिसरला, मुलाच्या सोयीनं. सुमन नाहूरलाच शेजारच्या बिल्डिंगीत कामाला आहे. साडू आता थकलेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या-उद्या करत लांबवलंय. "सगळं पिवळट दिसतं रे," म्हणतात, "आता मला कुठल्या पिशवीत घालायचं ते ठरल्यासारखंच आहे." मेहुणी मारायला धावते. या संक्रांतीला आम्ही गेलो, तेव्हा नेहमीप्रमाणं माझी भरलेली बरणी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांशी धरली नाही, कानाशी नेऊन हलवली. जरा ऐकून म्हणाले, "रोज घेतोयस. बरं."

बायका आत हळदीकुंकवात होत्या. मी बराच वेळ चाचरून म्हणालो, "दादा, एक राहूनच गेलं. सुमनला मी कधी सांगितलं नाही हो, सुई माझी होती म्हणून. आता एवढ्या वर्षांनी सांगावं का?"

साडू हसले. "तू तिला काय सांगणार? तिनंच मला सांगितलं. त्या दिवशी, रिक्षात."

"सुमनला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"अरे, दारोदार फिरून उचलते कोण? पेढ्यांचं ते खोकं सकाळी तुझ्या बायकोच्या हातून तिनंच घेतलेलं. मी संध्याकाळी सगळ्या दारांशी फिरलो ना, ते नुसतं तुझं नाव झाकायला; खरं म्हणजे तुला हाताला धरूनच खाली आणणार होतो. तर आधीच मला म्हणाली, 'काका, त्यांना पकडून नका नेऊ. लाजतील. सकाळपर्यंत थांबू या, त्यांचे ते येतील.' गोळीनं ओकत होती नुसती, आणि हे बोलत होती."

आतून मेहुणीचा आवाज येत होता, "भरली की परत द्या हं." यंदा बरण्यांत चिठ्ठी होती. साडूंनी माझी बरणी कापडी पिशवीत नीट उभी ठेवली, तिच्या बाजूनं वर्तमानपत्र खोचलं आणि म्हणाले, "जेवून जा. भात कमी घे."

बिल्डिंग पाडेपर्यंत इतकी वर्षं ती मला रोज सकाळी विचारत होती, "साहेब, साखर बरी ना?" आणि मी दाराआडून उत्तर देऊन आत वळत होतो. एकदाही मला उलट विचारायचं सुचलं नाही, की सुमन, तुझा हात बरा ना? या रविवारी नाहूरला जाणार आहे, तेवढंच विचारायला.